डॉटर ऑफ द फॉरेस्ट : सहा सदरे, सहा हंस आणि एक गप्प बहीण (सावधान, कथानक फुटलेलं आहे)

दिवेलागण

दहा-बारा वर्षांपूर्वी हे पुस्तक मी अर्ध्यातच मिटून ठेवलं होतं. तेव्हाची माझी तक्रार आठवते: यात काही घडतच नाही, एक मुलगी काटेरी झाड कापते नि सूत कातते, पुन्हा कापते नि पुन्हा कातते. गेल्या महिन्यात परत हातात घेतलं आणि नेमकी तीच पानं सोडवेनात. पुस्तक तेच आहे, तेव्हा बदल माझ्यातच झाला असणार.

ज्यांनी वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ज्युलिएट मॅरिलियर जन्मानं न्यूझीलंडची, राहते ऑस्ट्रेलियात. १९९९ साली आलेली ही तिची पहिली कादंबरी, सेव्हनवॉटर्स मालिकेतलीही पहिलीच. आयर्लंडातल्या दाट जंगलात सेव्हनवॉटर्सची गढी. तिथला सरदार कॉलम, त्याचे सहा मुलगे आणि सातवी सोर्खा. ती जन्मली आणि आई गेली. बाप समुद्रापलीकडच्या ब्रिटनांशी लढण्यात बुडालेला, कारण पवित्र बेटं त्यांच्या ताब्यात गेलीत. मग घरात लेडी ऊना ही सावत्र आई येते आणि सहाही भावांचे हंस होतात. जंगलातली देवता सोर्खाला उपाय सांगते: स्टारवर्ट नावाच्या काटेरी झाडाचं सूत काढायचं, सहा सदरे विणून शिवायचे, स्वतःच्या हातानं भावांच्या गळ्यात घालायचे. तोवर तोंडातून अवाक्षर काढायचं नाही, खुणा करून किंवा चित्र काढूनही आपली कहाणी कुणाला कळू द्यायची नाही.

आता मुद्दा. ‘केल्टिक पुराणकथांवरची फँटसी’ मागितली की लोक हमखास हे पुस्तक सुचवतात. माझ्या मते हिचा सांगाडा आयरिश नाहीच. तो जर्मन लोककथा गोळा करणाऱ्या ग्रिमबंधूंच्या १८१२च्या संग्रहातल्या सहा हंसांच्या गोष्टीचा आहे. सहा भाऊ, सहा सदरे, बहिणीचं मौन, अपुरी राहिलेली शेवटची बाही, सगळं तिथलंच.

आयर्लंडची स्वतःची हंसांची गोष्ट आहे, आणि ती फार वेगळी आहे. लीरची चार मुलं: फिनूला, एड, फिआख्रा, कॉन. आई वारते, बाप तिच्याच बहिणीशी, आइफाशी लग्न करतो. म्हणजे सावत्र आई ही सख्खी मावशी. ‘माय मरो, मावशी जगो’ म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट जरूर वाचावी. मावशी चौघांचे हंस करते. ३०० वर्षं डेरव्हारा सरोवरावर, ३०० आयर्लंड-स्कॉटलंडमधल्या मॉइलच्या समुद्रात, ३०० पश्चिमेकडच्या इनिशग्लोरा बेटापाशी. एकूण ९०० वर्षं. पण त्यांची वाचा शाबूत राहते. ते बोलतात, गातात, आणि ते गाणं ऐकायला लोक सरोवराकाठी मुक्काम ठोकतात.

म्हणजे आयरिश गोष्टीत शरीर जातं नि आवाज उरतो. जर्मन गोष्टीत बहिणीचं शरीर उरतं नि आवाज जातो. मॅरिलियरनं गोष्ट आयर्लंडात नेली, पण अट जर्मन ठेवली. असं का केलं असेल? आणि तरीही तुम्हाला ही कादंबरी केल्टिक वाटली का?

मधलं_पान

वाचनखूण साठवली. सविस्तर लिहिते.

कोरडा_ओढा

धागा चांगला आहे, म्हणून जरा खोडसाळपणा करतो.

सोर्खा, डिअर्मिड, फिनबार, कॉनर इथवर ठीक. पण समुद्र ओलांडला की ह्यू, रिचर्ड, सायमन, ॲन, एलेन! पुस्तकात नॉर्स लुटारूंचे उल्लेख आहेत, म्हणजे काळ नवव्या शतकाच्या आगेमागे धरावा लागतो. ह्यू-रिचर्डसारखी नावं इंग्लंडात रुळली ती १०६६ साली नॉर्मन आल्यानंतर. आयर्लंडात ते उतरले ११६९ला. आणि शत्रूला ‘ब्रिटन’ म्हणायचं, तर त्या काळी इंग्लंडच्या बहुतेक भागात अँग्लो-सॅक्सनांची राज्यं होती. पहिल्या भागात मी निमूट वाचत होतो. समुद्रापलीकडची, ह्यूची हॅरोफील्डची गढी आली आणि मला एकदम तीन-चारशे वर्षं पुढे ढकलल्यासारखं झालं.

दुसरं, हा ‘केल्टिक’ शब्द. आयरिश, वेल्श, कॉर्निश, ब्रेटन या भाषा एका कुळातल्या, हे एडवर्ड लॉइडनं १७०७ साली पुस्तक छापून मांडलं. त्यानंतर हे लेबल त्या लोकांना चिकटलं. सोर्खाला कुणी विचारलं असतं, ‘बाई, तू केल्टिक का?’ तर ती नुसती बघत राहिली असती. (तसंही तिला उत्तर देता आलं नसतंच म्हणा.)

तिसरं, ड्रुइड, म्हणजे केल्टिक लोकांचे प्राचीन पुरोहित. त्यांच्याबद्दलची जुनी लेखी माहिती बरीचशी परक्यांची. रोमन सेनापती सीझर लिहितो की काही जण वीस वर्षं शिकत आणि विद्या कागदावर उतरवणं त्यांना निषिद्ध होतं. म्हणजे त्यांच्या हातचं काही उरलंच नाही. आज पांढरे झगे नि दगडांची वर्तुळं म्हणून जे दिसतं त्यातलं बरंच अठराव्या शतकातलं. इओलो मॉर्गनुग नावाच्या वेल्श कवीनं १७९२ साली लंडनच्या प्रिमरोझ हिलवर समारंभ मांडला आणि प्राचीन परंपरा म्हणून खपवला. मॅरिलियरच्या जंगलातला ड्रुइड शांत, निसर्गप्रेमी, समजूतदार. हा इओलोचा नातू वाटतो, सीझरनं पाहिलेला माणूस नव्हे.

दिवेलागण

नावांचा मुद्दा मान्य, मलाही ‘रिचर्ड’ खटकला होता. ड्रुइडांबाबत एक भर: लेखिका स्वतः आजच्या एका ड्रुइड संप्रदायाची सदस्य आहे आणि ते लपवत नाही. म्हणजे तिच्या दृष्टीनं ती इतिहास लिहीत नसून श्रद्धा लिहितेय. मला तो फरक महत्त्वाचा वाटतो. श्रद्धेची परंपरा २०० वर्षांची असो की २०००, पानावर ती खरी उतरली की नाही एवढंच मी वाचक म्हणून बघते.

कोरडा_ओढा

पानावर उतरली आहे. त्याबद्दल भांडण नाही. मुखपृष्ठावरच्या ‘प्राचीन’ शब्दाबद्दल आहे.

टकळी

मी हौसेनं कातते. पेळू, टकळी, छोटा हातमाग असा सगळा पसारा घरी आहे. धागाकर्तीनं ज्या पानांना कंटाळून पुस्तक मिटलं होतं त्यांच्यासाठीच मी ते तीनदा वाचलंय, तेव्हा जरा हिशेब मांडते.

जाडंभरडं कापड धरा, सेंटिमीटरला उभे आठ धागे नि आडवे आठ. एका चौरस मीटरला उभं ८०० मीटर आणि आडवं ८०० मीटर, म्हणजे १.६ किलोमीटर सूत. मोठ्या माणसाच्या लांब सदऱ्याला अडीच चौरस मीटर तरी कापड लागतं. झालं ४ किलोमीटर. सहा सदऱ्यांचं २४. टकळीवर माझा वेग, सगळं मनासारखं जमलं तर, तासाला ५० मीटर. म्हणजे नुसत्या कातण्याचे ४८० तास. चरखा म्हणाल तर तो युरोपात तेराव्या शतकाच्या सुमारास दिसू लागतो, त्यामुळे त्या काळात तो सोर्खाच्या मदतीला येण्याची आशाच नको. कातण्याआधी झाडं कापायची, पाण्यात कुजवायची, वाळवायची, ठेचून गाभा झाडायचा, तंतू विंचरायचे. कातून झाल्यावर ताणा लावायचा, विणायचं, बेतायचं, शिवायचं. आणि हे सगळं सुजलेल्या, गाठी आलेल्या हातांनी.

लेखिकेनं हे आकडे दिलेले नाहीत, पण वेळेचं ओझं दिलंय. बहुतेक फँटसीत तपश्चर्या एका परिच्छेदात उरकते, ‘वर्षं लोटली’ म्हणून. इथं वर्षं लोटत नाहीत, एकेक बाही करून सरकतात. तिसरा सदरा होतो तेव्हा मला खरोखर हायसं वाटलं आणि लगेच आठवलं की अजून तीन आहेत.

जाता जाता एक वनस्पतीशास्त्र. स्टारवर्ट नावाची झाडं खरीच आहेत. बऱ्याच ठिकाणी हे नाव स्टेलेरिया कुळातल्या नाजूक, पांढऱ्या फुलांच्या गवताला लावतात. त्याला काटे नसतात, की वस्त्र निघेल असे तंतूही नसतात. ग्रिमच्या गोष्टीत सदरे ‘ताराफुलां’चे आहेत. हात पोळणारी झाडं येतात ती डॅनिश लेखक अँडरसनच्या १८३८च्या गोष्टीत. तिथं भाऊ अकरा आणि कापड खाजकुइरीसारख्या चावऱ्या नेटलचं. मला वाटतं मॅरिलियरनं नाव ग्रिमकडून घेतलं आणि जखमा अँडरसनकडून. नेटलचं कापड मात्र कल्पनेतलं नाही. डेन्मार्कमध्ये लुसेहॉय इथं कांस्ययुगातल्या दफनात त्याचा तुकडा सापडलाय. आणि नेटल कुजवून वाळवलं की चावत नाही. सोर्खाच्या झाडाची ही सवलतसुद्धा लेखिकेनं काढून घेतली!

सायसाखर

टकळीताई, दंडवत. २४ किलोमीटर सूत! मी आता हे पुस्तक कुणाला ‘संथ’ म्हणू देणार नाही.

उंबरठा

सगळे सुतावर बोलतायत म्हणून थोडी वेगळी गोष्ट. एका यादीत ‘परीकथेवर आधारित’ एवढंच वाचून मी हे तेरा वर्षांच्या भाचीला वाढदिवसाला दिलं. स्वतः न वाचता. चूक माझीच. चार दिवसांनी तिच्या आईचा फोन आला, ‘तू वाचलंयस का हे?’

ज्यांना माहीत नाही त्यांनी जाणून असा: जंगलात एकटी राहत असताना सोर्खावर लैंगिक अत्याचार होतो. ती अजून मुलगीच आहे. वर्णन चवीचवीनं केलेलं नाही, पण नजर वळवलेलीही नाही. ही मोठ्यांची कादंबरी आहे. राजपुत्र आणि हंस बघून कपाट ठरवू नका.

मी त्यानंतर वाचली. मला ती ‘मोठ्यांची’ वाटली त्याचं खरं कारण तो प्रसंग नव्हे, त्यानंतरची पानं आहेत. पुढे कितीतरी काळ ती पुरुषाच्या सावलीनं दचकते. तिला समुद्रापार नेणारा शत्रूकडचा सरदार ह्यू, म्हणजेच रेड, भला आहे हे तिला कळतं, तरी तिचं अंग विश्वास ठेवत नाही. आणि तिला हे कुणाला सांगताही येत नाही, कारण अटच तशी आहे. ग्रिमच्या गोष्टीत मौन ही परीक्षा आहे. इथं ते तसल्या घटनेनंतर माणसावर येणाऱ्या मौनासारखं होतं. दिवेलागण, तुम्ही विचारलंत ना, लेखिकेनं जर्मन अट का ठेवली? माझ्यापुरतं उत्तर हे.

तिखटजाळ

असहमत. तो प्रसंग नसता तरी मौनाचा भार तेवढाच राहिला असता. भाऊ गेले, घर गेलं, हात गेले, शत्रूच्या दारात जाऊन पडली, शेवटी चेटकीण म्हणून जाळायला नेली. आणखी किती? नायिकेची थोरवी ठसवायची तर तिला यातूनच न्यायचं, ही सवय मला मोठ्यांच्या फँटसीत फार दिसते आणि आता कंटाळा आलाय.

उंबरठा

तुमचा कंटाळा समजतो, बऱ्याच पुस्तकांबाबत तो रास्तही आहे. माझी कसोटी एकच: प्रसंग घडल्यावर पुस्तक तो विसरतं का? हे विसरत नाही.

तिखटजाळ

न विसरणं ही किमान अपेक्षा झाली. त्यासाठी पाठ थोपटायची का? असो. पुस्तक मी एका बैठकीत संपवलं हेही खरं आहे, नाहीतर म्हणाल वाचलंच नाही.

पाणकोंबडी

अवांतर: नावांचे उच्चार कुणी सांगेल का? मी अख्खं पुस्तक ‘सोर्चा’ म्हणत वाचलं.

शब्दवेडा

सांगतो. रोमन लिपीत ‘च’ वाटणारं ते अक्षर आयरिशमध्ये घशातून येणाऱ्या ‘ख’सारखं आहे. सोर्खा, आणखी काटेकोर म्हणजे ‘सोरअखा’. अर्थ उजेड, तेज. तिच्या आईचं नाव लिहिलेलं ‘निआम्ह’ असं दिसतं, म्हणायचं ‘नीव’, आणि त्याचाही अर्थ तेजच. आईचं तेज लेकीत आलं, लेखिकेनं ते मुद्दाम जुळवलं असावं. ‘साम्हैन’ असा दिसणारा सण ‘साउइन’, १ नोव्हेंबरचा. टेकड्यांत राहणारे पऱ्यांसारखे लोक ते ‘शी’. व्यंजनापुढे ह लिहून ते मऊ करायचं ही त्यांची रीत आहे, म्हणून म नि ब दोन्हींचा व होतो. देवनागरीत लिहिलं की निम्मी अडचण संपते. इंग्रजी वाचक उगाच घाम गाळत बसतात.

आता मूळ प्रश्न. आयरिश कथांत हंस होणं म्हणजे दर वेळी शाप नाही, हे इथं कुणी म्हटलं नाही म्हणून म्हणतो. ओइंगस या देवाला स्वप्नात एक मुलगी दिसते, केअर. ती एक वर्ष मुलगी असते आणि एक वर्ष हंस. साउइनच्या दिवशी सरोवरावरच्या दीडशे हंसांतून तो तिला ओळखतो, स्वतःही हंस होतो आणि दोघं उडून जातात. पलीकडच्या जगातला मिदिर आणि त्याची प्रेयसी एतेन राजाच्या भरल्या सभेतून धुराड्यावाटे हंस होऊनच पळतात. तिथं हंस म्हणजे पलीकडच्या जगाचा परवाना. मॅरिलियरचे भाऊ वर्षातून दोनदा, मध्यग्रीष्माच्या आणि मध्यहिवाळ्याच्या रात्री, तेवढ्यापुरते माणूस होतात. या ये-जा करण्यात मला ग्रिमपेक्षा केअर जास्त दिसते. ग्रिमच्या गोष्टीत भाऊ रोज संध्याकाळी पाव तास माणसं होतात. ते वेळापत्रक ऋतूंना बांधणं हा मोठा बदल आहे.

दिवेलागण

हे सुचलंच नव्हतं. पाव तासावरून वर्षातल्या दोन रात्री! आणि त्या रात्रींत तरी तिला कुठं बोलता येतं? सगळे भाऊ भोवती बसलेले, विचारतायत, आणि ही गप्प. मला पुस्तकातली सगळ्यात कठीण पानं तीच वाटली.

बाराखडी

महाभारतातल्या प्रतिज्ञांची आठवण आली नाही का कुणाला? भीष्म, कर्ण...

कोरडा_ओढा

आली की धागा तिकडे वळणार, मग हंस राहतील बाजूला. तुम्हीच आणा.

बाराखडी

आणतेच. आयरिश कथांत ‘गेश’ म्हणून प्रकार आहे. एखाद्या वीरावर बालपणापासून बंधनं असतात, अमुक करायचं नाही, तमुक टाळायचं नाही. कुहुलिनच्या नावाचा अर्थ ‘कुलनचा कुत्रा’, म्हणून कुत्र्याचं मांस त्याला वर्ज्य. आणि चुलीवरून जाताना कुणी जेवू घातलं तर नाही म्हणायचं नाही, हेही बंधनच. शेवटच्या लढाईला जाताना वाटेत तीन म्हाताऱ्या कुत्रा भाजत बसलेल्या भेटतात आणि म्हणतात, ये बाबा, खा. खाल्लं तरी मेला, न खाल्लं तरी मेला.

भीष्माची प्रतिज्ञा एक आहे आणि तो ती पाळतो, जळणारे भोवतालचे जळतात. कुहुलिनची दोन बंधनं एकमेकांवर आपटतात. सोर्खा मला या दुसऱ्या जातीची वाटते. ती वैद्य आहे. शत्रूचा सायमन जखमी अवस्थेत हाती येतो तेव्हा त्याला बरं करणं हा तिचा धर्म ठरतो. पुढे त्याच सायमनचा ठावठिकाणा तिच्याकडून कळेल म्हणून रेड तिला समुद्रापार नेतो. हिला जे माहीत आहे ते सांगता येत नाही. सांगितलं तर भाऊ जन्मभर हंस, न सांगितलं तर रेडचा भाऊ हरवलेलाच. चेटकाच्या आरोपातही तेच. एक वाक्य बोलली असती तर सुटली असती.

मौनाची अट जर्मन असेल हो. पण ती ज्या तऱ्हेनं माणसाला कात्रीत धरते ती तऱ्हा मला आयरिश वाटते. जंगल, ड्रुइड, धुकं हे सगळं काढून टाकलं तरी ही कात्री उरते.

कोरडा_ओढा

माझे आक्षेप कायम. पण हा प्रतिसाद वाचून पुस्तक परत काढावंसं वाटतंय, एवढं कबूल करतो.

सायसाखर

रेडबद्दल कुणीच बोलत नाही? मग मी बोलते. तो मला पहिल्यांदा फार आवडला, दुसऱ्या वाचनात जरा जास्तच चांगला वाटला. थोडी चूक, थोडा हट्ट, थोडा क्षुद्रपणा हवा होता. पण एक गोष्ट सुंदर आहे. तिचं नाव कळायला मार्ग नाही म्हणून तो तिला ‘जेनी’ म्हणतो. म्हणजे त्या घरात ती आवाजाबरोबर नावही हरवून राहते, आणि ते परकं नाव हळूहळू मायेचं होतं. तिची खरी ओळख उघड होते तेव्हा मला आनंदाऐवजी ‘आता जेनीचं काय?’ असं वाटलं.

आणि हो, सायमनवर अन्याय झालाय. सुरुवातीला त्याला एवढा जीव लावून उभा केला आणि शेवटी कोपऱ्यात.

तिखटजाळ

सायमनबाबत +१. ऊनाबाबतही तीच तक्रार. सावत्र आई आहे, तेव्हा दुष्ट आहे, विषय संपला. आइफाला निदान मत्सर होता, लीर पोरांपाशी झोपतो म्हणून कुढणारी ती बाई डोळ्यांसमोर येते. आणि शाप देऊन झाल्यावर तिलाच कालवाकालव होते, म्हणून तर मुलांची वाचा राहते. ९०० वर्षांच्या शापात एवढी भेग आहे! ऊनाला भेगच नाही.

पाणकोंबडी

तिसऱ्या भागात ऊनाची बाजू थोडी येते, कारण तिचा तो मुलगा पुढे

दिवेलागण

थांबा! शीर्षकातली सावधानता पहिल्या भागापुरती आहे हो.

पाणकोंबडी

क्षमस्व, वाक्य गिळलं. एवढंच सांगते, तिसरा भाग वाचा. ‘सन ऑफ द शॅडोज’ २०००, ‘चाइल्ड ऑफ द प्रॉफेसी’ २००१. पुढे आणखी तीन आहेत, पण त्रयी म्हणून ही तीन पुरी. दुसरा भाग मला पहिल्यापेक्षा आवडतो, हे म्हटल्यावर इथं मार पडेल.

टकळी

पडेल.

शब्दवेडा

फिनबारच्या पंखाबद्दल लिहायचं राहिलं. शेवटच्या सदऱ्याला पुरेसा वेळ मिळत नाही आणि त्याच्या एका खांद्याला हाताऐवजी पंख राहतो. हे ग्रिममध्येही आहे, पण तिथं ती एका ओळीची गंमत आहे, धाकट्या भावाला पंख राहिला, आणि सगळे सुखानं नांदले. इथं फिनबार हा बहिणीच्या सर्वांत जवळचा, दोघं मनातल्या मनात एकमेकांशी बोलू शकणारे. त्यालाच पंख राहणं हा हिशेब क्रूर आहे.

आता भाषेची एक योगायोगाची गाठ. लीरच्या मुलीचं नाव फिनूला, म्हणजे ‘शुभ्र खांद्याची’. ‘फिन’ म्हणजे शुभ्र, पुढचा भाग खांदा. फिनबारमध्येही तोच ‘फिन’ आहे, ‘शुभ्र माथ्याचा’. आणि पांढरा पंख फुटतो कुठे, तर फिनबारच्या खांद्याला. लेखिकेच्या मनात हे होतं की नाही, सांगता येत नाही. मला तरी तिथं फिनूला दिसते. मॉइलच्या गोठलेल्या समुद्रात तिघा भावांना पंखांखाली घेऊन बसलेली.

बाराखडी

डब्लिनच्या गार्डन ऑफ रिमेंब्रन्समध्ये ओशीन केलीचं शिल्प आहे लीरच्या मुलांचं, १९७१मध्ये बसवलेलं. स्वातंत्र्यासाठी मेलेल्यांच्या स्मारकात हंस होणारी पोरं ठेवलीत. फोटो नक्की बघा. मुलं खाली कोसळतायत आणि त्यांच्यातूनच हंस वर उठतायत. मूळ गोष्टीचा शेवट माहीत असेल तर ते बघवत नाही. ९०० वर्षांनी घंटा वाजते, पिसं गळतात आणि आत उरलेली असतात चार अतिवृद्ध माणसं. बाप्तिस्मा देईस्तोवरच जगतात. फिनूला सांगते, आम्हाला उभंच पुरा, भाऊ माझ्याभोवती ठेवा.

उंबरठा

त्यामानानं सोर्खाचे भाऊ नशीबवान म्हणायचे. तरुण परत आले.

दिवेलागण

परत आले, पण अख्खे कुठे आले? एकाच्या खांद्याला पंख, बाकीच्यांच्या नजरेत पाणी नि उडणं राहिलेलं. कुणी एका जागी बसू शकत नाही. मॅरिलियरनं ९०० वर्षांची म्हातारपणाची शिक्षा दिली नाही, पण शाप उतरला म्हणजे माणूस होता तसा होतो, असंही म्हटलं नाही. दहा वर्षांपूर्वी मी शेवटपर्यंत गेलेच नव्हते, नाहीतर हे तेव्हाच दिसलं असतं.

मधलं_पान

सविस्तर लिहिते म्हटलं होतं, पण खरं सांगायचं तर पुस्तक अजून वाचून झालेलं नाही. या धाग्यामुळेच काढलं. आत्ता चौथ्या सदऱ्यावर आहे. पंखाचं वर कळलं, चितेचंही कळलं, माझीच चूक, शीर्षकात सावध केलेलं होतं. पण वेळेवर कोण पोचतं आणि सोर्खाच्या तोंडून पहिला शब्द कोणता येतो, हे अजून कुणी लिहिलेलं नाही. तेवढं कृपया लिहू नका.

टकळी

कुणीही लिहू नका.

दिवेलागण

शप्पथ, अवाक्षर नाही. सहावा सदरा झाला की इथंच येऊन सांगा.